हातचा

हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाने फॉर्म पाठवलाय.
टॉवेलची लांबी, रुंदी, वजन, रंग पक्का की कच्चा,
हे मी वीस वर्षं डोळे मिटून भरते.
यंदा अकरावा रकाना नवा:
विजेच्या एका युनिटमागे किती ग्रॅम धूर.

शेठ म्हणाले, शून्य लिही.
कर्ज काढून पॅनेल बसवलीत ना छतावर?
दिसतोय का तुला कुठं धूर?

दिसत नाही, खरं आहे.
अक्कलकोट रोडच्या शेडवर निळ्या पाट्या
एप्रिलच्या उन्हात गप पडून असतात.
पण माझे वडील, नरसय्या चिलवेरी,
चादर हातात आली की उलटी करून बघायचे,
मग विचारायचे, खळ कुणाची? रंग कुठला?
सरकी काढली तिथपासून सांग.
"लेक्का मागापाशी सुरू होत नाही, अम्मा.
मागापाशी नुसता आवाज होतो."

म्हणून मी पाटीच्या मागे मागे गेले.
वाळू वितळली ती भट्टी
कुठल्यातरी परमुलखात, कोळशावरच.
मग काच, ॲल्युमिनियमची चौकट, जहाज, बंदर,
टेंभुर्णीच्या ढाब्यावर थांबलेला ट्रक,
आणि पंचवीस वर्षांनी ती मेली
की तिला उचलायला कोण?
सगळं तिच्या जन्मभराच्या युनिटांत वाटलं
तर चाळीस-पंचेचाळीस येतात.
हातचे. बेरजेत वर बारीक लिहितो तसे.

पवनचक्कीचे दहा-बारा:
पोलादाचा खांब, पायातलं सिमेंट.
अणूचेही जवळपास तेवढेच, खाणीपासून गाडण्यापर्यंत;
गाडलेलं किती पिढ्या राखायचं
याला ग्रॅमचा रकाना नाही.
गॅसचे पाचशेच्या आत, नळी गळत नसेल तर.
धरणांचा आकडा धड बसेना.
बुडालेल्या शिवारातलं झाडझाडोरा तळाशी कुजतं,
बुडबुडे वर येतात, एका धरणात कमी, दुसऱ्यात जास्त.
उजनीपुढे मी पेन्सिलीने लिहिलं
आणि खोडरबर जवळ ठेवलं.

राहिली फताटेवाडी.
ती चिमणी आमच्या गच्चीवरून दिसते,
वाळत घातलेल्या कपड्यांच्या वर.
कोळसा खाणीतून निघताना वायू सोडतो,
वाघिणीत बसून येतो, मग जळतो.
साडेनऊशे.
धाकटा भाऊ व्यंकटेश तिथं राखेच्या पाइपलाइनवर आहे.
म्हणाला, अक्का, राखही लिही की,
तिच्या विटा होतात.
होतात. माझ्या स्वयंपाकघराची भिंत त्याच विटांची.
तो जमा कुणाच्या खाती धरू
यावर माझे दोन दिवस गेले.

शेठ हसले.
म्हणजे सगळेच चोर! शून्य कुणीच नाही,
मग माझंच एक शून्य कुणाला खुपतंय?
मी म्हटलं, शेठ,
चाळीस रुपयांची उधारी आणि साडेनऊशेची
तुम्ही एकाच पानावर विसरता का?

ते गप्प झाले. पंखा तेवढा फिरत होता.

खरी अडचण तर पुढेच होती.
सूर्य सहाला घरी जातो,
आपले माग जात नाहीत.
रात्रपाळीला इरय्या गज्जम बारा माग सांभाळतो,
त्याच्या दिव्याखाली पॅनेलचं काही चालत नाही.
शंभरातले पस्तीस टॉवेल उन्हाचे,
पासष्ट रात्रीचे, ती वीज मी कोळशाचीच धरली.
एकाच ढिगात, एकाच घडीचे,
हात फिरवून ओळखू येत नाहीत.

गुणले, मिळवले, शंभराने भागले.
सहाशे तेहतीस.

शेठने आकडा दोनदा वाचला.
म्हणाले, ऑर्डर गेली तर?
मी काही बोलले नाही. त्यांनीही खोडला नाही.

रकाना आखणाऱ्याने
एकच आकडा मावेल एवढाच आखलाय.
माझा शेवटचा तीन
रेघ ओलांडून बाराव्यात गेला,
जिथं छापलंय: शेरा.